‘आता बसून राहा!’

माझी आत्या तिसगावची. पाथर्डी तालुक्यातल्या या गावात तिचं उभं आयुष्य गेलं. पहाटे जात्यावर दळण, मग विहिरीचं पाणी, दिवसभर रान. जवळच्या मढीला कानिफनाथांच्या यात्रेत ती गडाच्या पायऱ्या कुणाचा हात न धरता चढायची. एकाहत्तराव्या वर्षी ती न्हाणीत घसरली. हाड मोडलं नाही, पण घर धास्तावलं. ‘आत्या, आता तू काही करायचं नाहीस. बसून राहा!’ असं बजावणाऱ्यांत मीही होतो.

आत्या बसली. ओट्यावर प्लास्टिकची खुर्ची आली. चहा, जेवण जागेवर मिळू लागलं. आम्हाला वाटलं, सेवा करतोय. चार महिन्यांनी खुर्चीतून उठताना कोरड्या अंगणात तिचा तोल गेला आणि खुबा मोडला.

शस्त्रक्रियेनंतर व्यायाम शिकवायला आलेल्या बाईंनी विचारलं, ‘मधल्या काळात आजी चालत-फिरत होत्या का?’ आम्ही सगळे गप्प.

पडण्याची भीती माणसाला बसवते, बसण्याने मांड्या-पोटऱ्यांतलं बळ जातं, शरीर तोल सावरायला विसरतं आणि माणूस पुन्हा पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात. त्यांत साठीपुढची सर्वाधिक.

यावर उपाय आहे आणि तो महागडा नाही. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी ऐंशी वर्षांपुढच्या स्त्रियांना घरच्या घरी पायांच्या बळाचे आणि तोलाचे व्यायाम दिले. त्यांचं पडणं कमी झाल्याचं १९९७ साली प्रसिद्ध झालं. पुढे २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. व्यायामाने वृद्धांच्या पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटतं, असं त्यात दिसलं. मात्र नुसती चाल पुरेशी असल्याचा पुरावा मिळाला नाही. तोल आणि बळ, दोन्ही कमवावे लागतात.

म्हणजे करायचं काय? हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं, बसायचं. दाराची चौकट धरून टाचा उचलायच्या. एका पायावर दहा अंक मोजेपर्यंत उभं राहायचं. एका पावलापुढे दुसरं जोडून भिंतीलगत चालायचं. आठवड्यातून तीनदा तरी, आणि सुरुवातीला कुणीतरी शेजारी हवंच. आधी डॉक्टरांना विचारावं. चक्कर, रक्तदाबाच्या गोळ्या, मोतीबिंदू यांकडेही पाहून घ्यावं. न्हाणीत शेवाळ नको, रात्री दिवा हवा.

आत्या आता काठी घेऊन चालते. मढीचा गड काही तिला पुन्हा चढता आला नाही. ती चूक आमची. पण रोज सकाळी चौकट धरून ती टाचा उचलते आणि मोठ्याने अंक मोजते. परवा मी सवयीने म्हणालो, ‘आत्या, दमलीस, बस जरा.’

‘बसवूनच तर पाडलंत मला,’ ती म्हणाली आणि पुढचा अंक मोजू लागली.