रुग्ण तयार नसेल, तर सुरुवात घरच्यांपासून

मनोरुग्णालयातून घरी सोडलेल्या पुरुषांचं पुढे काय होतं, याचा माग 1950च्या दशकात लंडनमधले समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन घेत होते. त्यांत स्किझोफ्रेनियाचे रुग्ण बरेच होते. भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहायला गेलेल्यांपेक्षा आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले रुग्ण जास्त प्रमाणात पुन्हा दाखल होत होते. जिथे सर्वांत जास्त माया, तिथेच आजार उलटत होता.

ब्राउन यांनी नातेवाइकांच्या लांबलचक मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या आणि त्यांचं बोलणं मोजायला घेतलं. रुग्णाबद्दल टीकेची वाक्यं किती, स्वरात राग आणि तिटकारा किती, आणि ‘त्याच्यावाचून माझं दुसरं काही उरलंच नाही’ अशी गुंतवणूक किती? 1972 साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या तिन्हींपैकी एखादी गोष्ट जरी जास्त असलेल्या घरांतल्या 58 टक्के रुग्णांचा आजार नऊ महिन्यांत उलटला. शांत घरांत हाच आकडा 16 टक्के होता. पुढे अमेरिकेत दारूच्या व्यसनातून उपचार घेऊन बाहेर पडलेल्या विवाहित पुरुषांमध्येही असाच कल दिसला.

आजार घरच्यांमुळे होतो, असा याचा अर्थ मुळीच नाही. स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा दारूचं व्यसन यांच्या मुळाशी आनुवंशिकता, मेंदूतली रसायनं आणि आयुष्यात बसलेले धक्के असतात. रोज रात्री दार कोण वाजवेल या धास्तीत जगणाऱ्या बायकोच्या तोंडून टीका निघाली, तर तो तिचा गुन्हा नव्हे. पण आजार सुरू झाल्यावर घरातली वागणूक त्याच्या वाटचालीवर मोजता येईल इतका परिणाम करते, आणि ही वागणूक शिकून बदलता येते.

भारतातल्या डॉक्टरांनी हे फार लवकर ओळखलं. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी 1950च्या दशकातच आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णासोबत राहायला बोलावलं. आजार काय आहे, घरी कसं वागायचं, हे तिथे सगळ्यांना समजावून सांगितलं जाई. पुढे चंडीगडमधल्या अभ्यासात आपल्याकडच्या कुटुंबांत टीका आणि अतिगुंतवणुकीचं प्रमाण लंडनपेक्षा बरंच कमी आढळलं. आपल्या घरांत ही ताकद आहे. व्यसन आणि मानसिक आजार एकत्र आले की मात्र ती लवकर संपते.

हे दोन्ही एकत्र येणं अपवादात्मक नाही. अमेरिकेत वीस हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष 1990 साली प्रसिद्ध झाले. स्किझोफ्रेनिया असलेल्यांपैकी 47 टक्के आणि बायपोलर असलेल्यांपैकी 56 टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी दारूचा किंवा अमली पदार्थांचा विळखा पडला होता. कुणी झोप येत नाही, कानात आवाज येतात म्हणून पितो. कुणाचा सुप्त आजार गांजाने लवकर वर येतो. दोन्ही आजारांची काही आनुवंशिक मुळंही सारखीच आहेत.

त्यात व्यसन मेंदूची निवड करण्याची यंत्रणाच बिघडवतं. डोपामिन हे रसायन ‘हे महत्त्वाचं आहे, पुन्हा कर’ असा संदेश देतं. अमली पदार्थ हा संदेश इतक्या जोरात देतात की काही काळाने मेंदू त्याला प्रतिसाद देणारी केंद्रं कमी करतो. मग मुलांचं हसणं, पगार, आवडतं गाणं सगळं फिकं वाटू लागतं. परिणामांचा विचार करून थांबवणारा कपाळामागचा भागही दुबळा होतो. ‘मनावर घेतलंस तर आत्ता सोडशील’ किंवा ‘आईची शपथ घे’ हे उपाय टिकत नाहीत ते यामुळे. शपथ घेताना तो खोटं बोलत नसतो. ती निभावणारी यंत्रणाच आजारी असते.

‘आधी दारू सोडवू, मग डोक्याचं बघू’ असा सल्ला घरच्यांना अनेकदा मिळतो. दारूमुळे आलेलं नैराश्य पुष्कळदा पिणं थांबल्यावर तीन-चार आठवड्यांत ओसरतं, त्यामुळे निदानासाठी थोडं थांबावं लागतं. पण भ्रम, भास किंवा आत्महत्येचे विचार असतील तर थांबायचं नसतं. दोन्ही आजारांवर एकाच वेळी, शक्यतो एकाच ठिकाणी उपचार व्हायला हवेत. इथे घरच्यांनी दिलेली माहिती मोलाची ठरते. पिणं आधी सुरू झालं की संशय घेणं? न पिण्याच्या काळात तो कसा असतो? सिगारेट किती ओढतो? हा शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तंबाखूच्या धुरामुळे क्लोझापिन आणि ओलांझापिन ही औषधं शरीरातून लवकर बाहेर पडतात. सिगारेट अचानक बंद केली की त्यांची रक्तातली पातळी वाढते. म्हणून हे डॉक्टरांना सांगायलाच हवं.

आणि ‘तो डॉक्टरकडे यायलाच तयार नाही’ तेव्हा काय करायचं? यावर न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या विल्यम मिलर आणि रॉबर्ट मेयर्स यांचा अभ्यास 1999 साली प्रसिद्ध झाला. उपचार नाकारणाऱ्या दारू पिणाऱ्यांच्या 130 जिवलगांना तीन पद्धतींपैकी एकीत मार्गदर्शन मिळालं. स्वमदत गटाच्या वाटेने, म्हणजे स्वतःला सावरण्यावर भर देणाऱ्या पद्धतीने, 13 टक्के पिणारे उपचारांपर्यंत आले. सगळ्यांनी मिळून त्याला घेरून जाब विचारण्याच्या पद्धतीने 30 टक्के आले. मेयर्स यांच्या ‘क्राफ्ट’ पद्धतीने 64 टक्के आले. रुग्णाला कुणी हातही लावला नव्हता, शिकले होते ते घरचे.

क्राफ्टमधल्या गोष्टी कुठल्याही घरात करता येतील अशा आहेत. ज्या संध्याकाळी तो न पिता घरी येतो, त्या संध्याकाळी त्याच्यासोबत जेवा, गप्पा मारा, ‘आज बरं वाटलं’ असं स्पष्ट म्हणा. पिऊन आला तर वाद घालू नका, दुसऱ्या खोलीत जा आणि बोलायचं ते सकाळी बोला. त्याच्या ऑफिसात ‘ताप आलाय’ असा खोटा फोन करू नका, बारमालकाची उधारी फेडू नका. पिण्याचे परिणाम त्याच्यापर्यंत पोचू द्या. ‘तू आमचं वाटोळं केलंस’ऐवजी ‘काल तू आला नाहीस तेव्हा मला भीती वाटली’ असं बोला. अपघातातून वाचल्यावर, मुलगी बोलेनाशी झाल्यावर एखाद्या सकाळी तो स्वतःच हळवा होतो. त्या वेळी डॉक्टरांची वेळ ठरलेली हवी, कारण ती मनःस्थिती संध्याकाळपर्यंत टिकत नाही. आणि मारहाण होत असेल, तर सर्वांत आधी स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता.

हताश घरं काही गोष्टी करून बसतात, त्या जिवावर बेतू शकतात. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर दिसतात. अशा वेळी आमटीत किंवा चहात कालवलं जाणारं एक औषध म्हणजे डायसल्फिराम. डेन्मार्कमध्ये 1940च्या दशकात त्याचा हा गुण लक्षात आला. ते दारूचं विघटन अर्ध्यावर रोखतं, अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी रसायन रक्तात साचतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, मृत्यूही होऊ शकतो. शिवाय ते मेंदूतलं डोपामिन वाढवतं, त्यामुळे आधीच भ्रम-भास असलेल्या माणसाचा मानसिक आजार उफाळू शकतो. रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते उपयोगी औषध आहे, चोरून दिलं तर विष. तसंच, रोज भरपूर पिणाऱ्याला घरात कोंडून दारू एकदम बंद करू नका. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दोन ते चार दिवसांत थरथर, ताप आणि भास असलेला डेलिरियम होऊ शकतो. उपचार मिळाले नाहीत तर तो प्राणही घेऊ शकतो.

उपचारानंतर पुन्हा पिणं झालं की घर कोसळतं. व्यसनाचे 40 ते 60 टक्के रुग्ण वर्षभरात पुन्हा घसरतात. उच्च रक्तदाब आणि दम्यातही आजार पुन्हा बळावण्याचं प्रमाण जवळपास इतकंच किंवा जास्त आहे. रक्तदाब वाढला म्हणून आपण कुणाला ‘तू कधीच सुधारणार नाहीस’ असं म्हणत नाही, डोस तपासतो. इथेही तेच करायचं.

आता घरच्यांबद्दल. ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ जिम ऑरफर्ड यांनी आयुष्यभर मांडलं, की व्यसनी माणसाचे नातेवाईक हे स्वतः प्रचंड ताण सोसणारे लोक आहेत आणि त्यांना त्यांच्या स्वतःसाठी मदत मिळायला हवी. त्यांची पद्धत गोव्यात ‘संगथ’ या संस्थेने प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांमार्फत कुटुंबांपर्यंत नेली. पुण्यात अनिल आणि अनिता अवचट यांनी 1986 साली सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. ठाण्यात ‘आयपीएच’ आणि पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ या संस्था मानसिक आजारांबाबत कुटुंबांसोबत काम करतात. मराठी स्वमदत गटांत काळजी घेणाऱ्याला आदराने ‘शुभंकर’ म्हणतात. या शुभंकरानेही नोकरीवर जावं, भजनी मंडळ सोडू नये, माहेरी दोन दिवस राहून यावं. यात अपराधी वाटण्याचं कारण नाही. लंडनमधल्या, 1976 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तणावाच्या घरांतही, नातेवाईक आणि रुग्ण आठवड्याला 35 तासांपेक्षा कमी वेळ समोरासमोर असतील, तर आजार उलटण्याचं प्रमाण कमी होतं. थोडं अंतर रुग्णाच्याही फायद्याचं असतं.

2019च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या दर 38 भारतीयांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळाले होते. उरलेल्या 37 घरांत कुणीतरी वाट बघत आहे. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही येतात, त्यामुळे बांधून ठेवणारी, मारणारी केंद्रं बेकायदा आहेत. दाखल करण्यापूर्वी केंद्राची नोंदणी विचारा. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आणि नशामुक्ती हेल्पलाइनचा 14446 हे क्रमांक मोफत आहेत. फोन करायला रुग्णाची परवानगी लागत नाही, तो शेजारी असावा लागत नाही. तो तयार होईल तेव्हा बघू, म्हणत वर्षं घालवू नका. तुम्ही तयार असाल, तर उपचार आजच सुरू होतात.