‘गो’ की ‘गोज’? रजेच्या अर्जाला विचारा

बारावीची परीक्षा नेहमीप्रमाणे इंग्रजीच्या पेपरने सुरू होणार, म्हणून शहाड, उल्हासनगर, कल्याण या पट्ट्यातल्या क्लासांत उजळणीचा धडाका आहे. फळ्यावर एक यादी हमखास असते: सजेस्ट, रेकमेंड, डिमांड, इन्सिस्ट. पुढे बाण आणि ‘फर्स्ट फॉर्म’. म्हणजे ‘द डॉक्टर सजेस्टेड दॅट ही गो होम’. कर्ता ‘ही’, तरी ‘गोज’ नाही. गोष्ट कालची, तरी ‘वेंट’ नाही. का ते विचारू नका, पाठ करा.

खरं तर मराठी माध्यमाच्या पोराला हे पाठ करावंच लागू नये. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमधला कामगार असो की शाळेतला शिपाई, रजेच्या अर्जाचा शेवट ठरलेला: ‘तरी दोन दिवसांची रजा मंजूर करावी, ही विनंती.’ रजा अजून मिळालेली नाही, मिळावी एवढंच म्हणणं आहे. हा आपला विध्यर्थ. डॉक्टरांनी सुचवलं, सुचवतात, सुचवतील, काहीही म्हणा. ‘त्याने घरी जावं’ जागचं हलत नाही. इंग्रजीतलं बोडकं ‘गो’ हेच काम करतं. नकारातही तेच. ‘जाऊ नये’मध्ये नेहमीचा ‘नाही’ येत नाही, तसा ‘दॅट ही नॉट गो’मध्ये ‘डज’ किंवा ‘डिड’ येत नाही. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा नमुना त्यांच्यासमोर होता. आता मराठीवरून इंग्रजी शिकवायला कोणाची हरकत आहे?

यादी पाठ करणारा नेमका फसतो तो पुढे. ‘हिज फेस सजेस्टेड दॅट ही वॉज टायर्ड’ यात कोणी कोणाला काही सुचवत नाही, चेहऱ्यावरून थकवा कळतो आहे. इथे ‘बी’ घातलं की घोटाळा. ‘इन्सिस्ट’चं तर विचारूच नका. ‘ही इन्सिस्टेड दॅट शी वॉज होम’ म्हणजे ती घरीच होती, असं तो ठासून सांगत होता. ‘वॉज’च्या जागी ‘बी’ ठेवा, की तिने घरी असावं असा त्याचा हट्ट. मराठीत करून बघा: ‘असावं’ बसत असेल तरच ‘बी’. याहून सोपी कसोटी मला तरी माहीत नाही.

या बोडक्या ‘गो’आधी ‘शुड’ घातला तर मार्क कापणारे परीक्षक भेटतात, ते मला पटत नाही. इंग्रजांच्या देशात ‘दॅट ही शुड गो’ राजरोस चालतं, बोलताना ‘गोज’सुद्धा. फाउलर या व्याकरणकाराने १९२६ मध्येच बोडक्या ‘गो’चा हा प्रकार मरणपंथाला लागल्याचं सांगून टाकलं होतं. अमेरिकेने ‘सजेस्ट’नंतरचं ‘गो’ मात्र जोमात चालू ठेवलं. ‘सजेस्टेड हिम टू गो’ला दोन्हीकडे थारा नाही, आणि आपल्याकडच्या उत्तरपत्रिकांत दिसतं ते बहुधा हेच. ‘त्याला जायला सांगितलं’चा साचा ‘सुचवलं’लाही चिकटतो, आणि तिथून तो थेट इंग्रजीत उतरतो.