दुधीचे थंड सार

इंदुरास रात्र शीतल असली, तरी वैशाखातील दुपार अंग भाजून काढते. अशा वेळी मुलांना व वडीलधाऱ्यांना सोसेल असे दुधीचे थंड सार आम्ही घरी करतो. प्रथम कच्च्या दुधीची कणभर चव पाहावी. कडू लागल्यास थुंकून दुधी टाकून द्यावा. ते विष शिजवूनही जात नाही. चांगला दुधी अर्धा किलो घेऊन तीन पेले पाणी व आल्याच्या तुकड्यासह शिजवावा, घोटून गाळावा. निवल्यावर पेलाभर ताजे दही, मीठ, जिरेपूड व पुदिना घालावा. बाजारचा बर्फ नको. ओल्या फडक्याने गुंडाळलेले मातीचे मडके पुरे. माळव्याच्या कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते व उष्णता घेऊन जाते. सार दोन तासांत संपवावे. शिळे मुलांना देऊ नये.