टोळीतल्या मायलेकरांची अंगणवाडीत नोंद



गाळप हंगाम तोंडावर आला की गट ऑफिसात दुसरा विषय नसतो. कोणाची टोळी निघाली, कोणता मुकादम उचल घेऊन फोन उचलेना, आडसालीची पहिली तोड कोणाला, एवढेच. या वेळी लागणीचे किंवा खोडव्याचे न लिहिता आम्ही फडातल्याच दुसऱ्या एका गोष्टीबद्दल लिहीत आहोत. सभासदांनी ती तोड सुरू होण्यापूर्वी वाचावी.

शेतकी विभागाची टोळ्यांची वही पुष्कळांनी पाहिली असेल. मुकादमाचे नाव, गाव, किती कोयते, किती उचल, बैलगाडीची टोळी असेल तर किती जोड्या. जवळजवळ वीस वर्षे आम्ही ही वही भरत आलो. तीत बैलांना रकाना आहे, पोरांना नाही. बैल लंगडला तर आम्ही तासाभरात जनावरांचे डॉक्टर गाठतो, कारण गाडी थांबली की तोडलेला ऊस वाळतो. पण त्या खोप्यांत किती लहान मुले आहेत, किती बायका पोटुशा आहेत, हे आम्ही कधी विचारले नाही. चूक आमची आहे.

गेल्या हंगामात पाटाकडेच्या एका प्लॉटवर तोडीची पाहणी करायला गेलो होतो. बीडकडची टोळी होती. सात महिन्यांची गरोदर बाई मोळ्या बांधत होती आणि बांधावर टायरगाडीच्या सावलीत तिचे दीड वर्षाचे पोरगे पाचटावर बसलेले. आम्ही सहज विचारले, बाई, अंगणवाडीत नाव आहे का? ती म्हणाली, "हाय की साहेब, गावाकडं. माल बी तिकडंच येतो. आमी हितं, माल तिथं."

प्लॉटापासून गावची अंगणवाडी एक किलोमीटरसुद्धा नाही. प्लॉटधारकाच्या घरच्या वहिनी संध्याकाळी तिला घेऊन गेल्या. पहिल्या खेपेस उत्तर मिळाले, यादीत नाव नाही. दुसऱ्या खेपेस कळले की तिकडच्या अंगणवाडीतले नाव इकडे वर्ग करता येते, पण आधाराशी जोडलेल्या मोबाईलवर आकडा येतो आणि तो मोबाईल नवऱ्याबरोबर कारखान्याच्या गव्हाणीवर रांगेत. तिसऱ्या खेपेस नवरा बरोबर आला आणि दहा मिनिटांत काम झाले. बाईला आणि पोराला एका महिन्याचा आहार मिळाला. पुढे ती टोळी दुसऱ्या गटात हलली. तिथे पुन्हा नाव लावायला हवे होते. ते कोणी केले नाही, आम्हीही केले नाही. रिकव्हरीच्या गडबडीत राहून गेले. ती बाई माघ महिन्यात गावी परत गेली असे मुकादमाने सांगितले. त्यापलीकडे आम्हाला माहीत नाही.

आता ही योजना म्हणजे कोणाची मेहरबानी नव्हे, हे आधी लक्षात घ्यावे. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली आणि अंगणवाड्या तिच्यातूनच आल्या. 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने हा आहार हक्काचा केला. गरोदर बाईला आणि बाळंतपणानंतर सहा महिने स्तनदा मातेला रोज 600 कॅलरी व 18 ते 20 ग्रॅम प्रथिने, सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाला 500 कॅलरी व 12 ते 15 ग्रॅम प्रथिने, आणि कुपोषित मुलाला 800 कॅलरी व 20 ते 25 ग्रॅम प्रथिने, असे प्रमाण त्यात ठरले. खताच्या मात्रेसारखेच आकडे आहेत. माता आणि तीन वर्षांखालील मुले यांना घरी न्यायचा आहार मिळतो, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत नाश्ता आणि ताजा गरम आहार. पिवळे कार्ड, केशरी कार्ड, जात, जमीन, काही पाहिले जात नाही. महिन्याला 25 दिवस धरले तर पाच महिन्यांच्या हंगामात एका मुलाचे 125 दिवसांचे खाणे बुडते. लागणीत फुटवे फुटायच्या वेळी पाणी चुकले तर मोठ्या बांधणीला कितीही खत टाका, संख्या भरून येत नाही. पोराच्या पहिल्या दोन वर्षांचे तसेच आहे.

नोंदणी कशी करायची, ते सांगतो. यासाठी वेगळा छापील अर्ज लागत नाही. प्लॉटाला जवळची अंगणवाडी गाठावी. बाईचे आधार कार्ड, आधाराशी जोडलेला मोबाईल चालू स्थितीत, आणि असेल तर दवाखान्याचे माता-बाल कार्ड बरोबर घ्यावे. मुलाचे स्वतःचे आधार नसले तरी अडत नाही, आईच्या आधारावर नोंद होते. पोरांची कार्डे काढलेली नाहीत म्हणून पुष्कळ बाया जातच नाहीत, म्हणून हे मुद्दाम लिहिले. गावाकडे नाव असेल तर तसे सांगावे. 2021 पासून ही नोंद पोषण ट्रॅकरवर मोबाईलमध्ये होते आणि स्थलांतरित म्हणून नाव वर्ग होते. दोन ठिकाणी नाव चालत नाही, म्हणून तिकडच्या ताईंचा फोन नंबर जवळ असला तर फेरा वाचतो. आहार घेताना चेहऱ्याची पडताळणी होते, तेव्हा बाईने स्वतः जावे लागते, मुकादमाला पाठवून भागत नाही.

वेळेची अडचण मात्र खरी आहे. टोळी पहाटे चारला फडात उतरते आणि अंगणवाडी सकाळी भरते. घरी न्यायच्या आहारासाठी गाड्या भरून झाल्यावर येण्याचा एक दिवस ताईंशी बोलून ठरवता येतो. तीन वर्षांवरच्या पोरांना सकाळी नेऊन सोडणारे कोणी हवे. प्लॉटधारकाच्या घरचे कोणी आपली पोरे सोडायला जात असेल, तर दोन जास्त जातील. खोप्या फार लांब असतील आणि मुले बरीच असतील, तर पंचायत समितीकडील बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे साधा लेखी अर्ज करावा. टोळीचे मूळ गाव, खोप्यांची जागा, मुलांची नावे व वये, किती माता, मुक्काम कधीपर्यंत, एवढे पुरे. अर्जाची पोच घ्यावी. दाद लागली नाही तर अन्नसुरक्षा कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी नेमलेला आहे.

एक सभासद आम्हाला म्हणाले, "साहेब, परगावची पोरं घातली म्हंजे आमच्या पोरांचा वाटा कमी हुणार." तसे नाही. माल नोंदलेल्या संख्येवर मागवतात. अडचण होते ती नोंद न करता ताईंनी दयेपोटी दिल्यावर. म्हणून तर नोंद करा असे आम्ही म्हणतो.

दुसरेही एक सांगायचे आहे, आणि ते आपल्याच घरचे आहे. माहेरी बाळंतपणाला आलेल्या लेकीचे नाव आपल्या गावच्या अंगणवाडीत लावता येते. पण बागायतदाराच्या घरात अंगणवाडीचे पाकीट आणणे कमीपणाचे वाटते आणि आणलेच तर ते म्हशीच्या आंबोणात जाते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. म्हैस दूध देईल, पण ते पाकीट तिच्यासाठी नव्हते.

रेशनचेही थोडक्यात. एक देश एक रेशन कार्ड योजनेमुळे टोळीतल्या माणसांना आपल्या गावच्या दुकानातून धान्य उचलता येते. कार्ड गावाकडे म्हाताऱ्यांजवळ असले तरी कार्डाचा नंबर आणि अंगठा पुरतो. सगळा कोटा एकदम उचलावा लागत नाही, इकडे थोडे आणि तिकडे थोडे असे चालते. अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंबांना हे धान्य जानेवारी 2023 पासून मोफत आहे.

मुले तपासायला अंगणवाडीत दंड मोजायची पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड 11.5 सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, तर ते मूल तीव्र कुपोषित समजतात. अशा मुलाला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. गाडी नसेल तर स्लिपबॉयला सांगा, मोटारसायकल पाठवू.

यंदा वहीत आम्ही स्वतः तीन रकाने आखले आहेत: गरोदर व स्तनदा माता, तीन वर्षांखालील मुले, तीन ते सहा वर्षांची मुले. खोप्या पडल्यापासून आठ दिवसांत प्लॉटधारकांनी ही माहिती आपल्या गटाच्या शेतकी मदतनीसाकडे द्यावी. टोळी हलताना ज्या गावी जाणार त्या गटाला आम्ही यादी पाठवू, तोडीच्या चिठ्ठीबरोबरच.