बेसबॉल : केवळ वेग पुरेसा नसतो

पिचर चेंडू टाकण्याच्या बेतात असतानाच बेसवरील खेळाडू पुढच्या बेसकडे झेपावतो. कॅचरने फेकलेला चेंडू तेथे पोहोचण्याआधी त्याने बेस गाठला, तर त्याने तो 'चोरला' असे म्हणतात. क्रिकेटमधील चोरट्या धावेशी याचे साम्य नावापुरतेच, कारण येथे फलंदाजाने चेंडू टोलवलेलाही नसतो. दोन बेसमधील अंतर ९० फूट असते.

मग सर्वांत वेगवान धावपटूलाच संघात घेतले तर? अमेरिकेतील ओकलंड अॅथलेटिक्स संघाने १९७४ मध्ये हा प्रयोग केला. हर्ब वॉशिंग्टन हा नामवंत धावपटू केवळ दुसऱ्यांच्या जागी धावण्यासाठी करारबद्ध झाला. १०५ सामन्यांत त्याने एकदाही बॅट हाती घेतली नाही. ३१ बेस चोरले खरे, परंतु १७ वेळा तो पकडला गेला. त्याच वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये, दुसऱ्या सामन्याच्या नवव्या डावात, डॉजर्सच्या माइक मार्शलने त्याला पहिल्या बेसवर बेसावध गाठून बाद केले. ओकलंडने तो सामना ३-२ असा गमावला, मालिका मात्र जिंकली. १९७५ च्या मे महिन्यात वॉशिंग्टनची कारकीर्द संपली.

चार वर्षांनी, १९७९ मध्ये, त्याच संघात रिकी हेंडरसन आला. १९८२ च्या एका मोसमात त्याने १३० बेस चोरले. कारकिर्दीतील त्याची १,४०६ ही संख्या आजही विक्रमी आहे. दुसऱ्या क्रमांकावरील लू ब्रॉकचे बेस ९३८ आहेत. मात्र नियमानुसार पहिला बेस चोरता येत नाही; तो मिळवावा लागतो. हेंडरसनचे खरे सामर्थ्य येथेच होते. तो इतका वाकून उभा राहत असे, की पिचरला अचूक चेंडू टाकण्यास अत्यल्प जागा उरे. परिणामी २,१९० वेळा त्याला चार चुकीच्या चेंडूंवर पहिला बेस बहाल झाला. शिवाय ३,०५५ हिट्स होत्याच. म्हणूनच तो २,२९५ धावांचा विक्रम करू शकला आणि २००३ पर्यंत, वयाच्या ४४ व्या वर्षीही मैदानात टिकला. २००९ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. डिसेंबर २०२४ मध्ये त्याचे निधन झाले.

२०२३ मध्ये मेजर लीगने बेसचा आकार १५ वरून १८ इंच केला आणि धावपटूला रोखण्यासाठी पिचरला मिळणाऱ्या संधींवर मर्यादा घातली. चोरलेल्या बेसची एकूण संख्या एका वर्षात सुमारे २,५०० वरून ३,५०० वर गेली. २०२४ मध्ये तर डॉजर्सच्या शोहेई ओतानीने, म्हणजे ताकदीच्या फटक्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या खेळाडूने, ५४ होम रनसोबत ५९ बेस चोरले.