ताडपत्रीची पुढची कड

नागपुरात सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शनिवारी, इतवारी अशा वस्त्याच आहेत. ज्या वारी जिथे बाजार भरे, तो वार त्या जागेला कायमचा चिकटला. ठोक माल कळमन्याच्या बाजार समितीत आणि कॉटन मार्केटात उतरतो. आठवडी बाजार चिल्लर विक्रीचे. 2016 साली राज्याने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला, संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडी बाजारही सुरू केले. पण आपल्याच वाडीतला पालक-सांभार (कोथिंबीर) घेऊन रस्त्याकडेला बसणारी बाई त्याआधीपासून इथे आहे.

संध्याकाळी, ऑफिसे सुटल्यावर, हा आठवडी बाजार पाहावा. गर्दीचा दोष माणसांच्या संख्येला दिला जातो. खरी गोष्ट ताडपत्रीच्या पुढच्या कडेशी घडत असते.

समजा, समोरासमोरच्या दोन रांगांत दहा फुटांची वाट सोडली आहे. दोन्हीकडच्या ताडपत्र्या फूट-फूटभर पुढे आल्या की उरले आठ. ढिगावर वाकलेले गिऱ्हाईक दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट घेते, उरले चार. त्यातून जाणारे आणि येणारे. तेवढ्यात कोणी स्कूटर आत घातली, की सगळी रांग थांबते.

मग ती बाई पुढे का सरकते? जमिनीवरचा ढीग लांबून दिसत नाही. शेजारच्याने वांगी हातभर पुढे मांडली की तिचा पालक त्याआड जातो. यात लोभ नाही. दिसण्याची धडपड आहे. तोटा मात्र सगळ्यांचा होतो. दुकानांतल्या गिऱ्हाइकांचे निरीक्षण करणारे अमेरिकी अभ्यासक पॅको अंडरहिल यांनी 1999 च्या पुस्तकात नोंदवले आहे, की वस्तू निरखताना मागून धक्का लागला की माणूस, विशेषतः बाई, न घेताच पुढे जाते. इथे तर भाजी निवडायला वाकावेच लागते.

मांडणीत आणखी एक गुंता आहे. पिशवीत कांदे-बटाटे तळाशी आणि सांभार वर, म्हणून पालेभाजी शेवटी घ्यायची. कांदेवाले आत खोलवर असले, तर गिऱ्हाईक तीच वाट दोनदा तुडवते. आणि कोपऱ्यावरच्या दुकानाला दोन्ही बाजूंनी गिऱ्हाईक, त्यामुळे वळणावरच कोंडी.

उपाय म्हणून पक्के ओटे बांधले जातात. पण गिऱ्हाईक बाहेरच्या बाहेर भाजी घेऊन परतते, हे कळले की ओट्यावरचा विक्रेताही दाराशी येऊन बसतो. त्यात नागपूरच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो. तेव्हा सावलीसाठी बांधलेल्या पालाच्या दोऱ्या वाटेवर गळ्याच्या उंचीला येतात.

2014 च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के जागा विक्रेत्यांना दिल्या, त्यांतल्या एक तृतीयांश महिलांना. पाच वर्षांतून किमान एकदा सर्वेक्षणही सांगितले. काळजी तिथेच आहे: आठवड्यातून एकदा, तेही हंगामापुरती येणारी शेतकरीण सर्वेक्षणाच्या दिवशी शेतात असली, तर तिची जागा कागदावर कशी उमटणार? आखणी तिच्यासमोर व्हायला हवी. कोपरा मोकळा ठेवायचा, तर तिथल्या विक्रेत्याला कुठे बसवायचे हेही त्याला विचारूनच ठरवावे लागेल, आणि पावसाळ्याआधी. कारण चिखल झाला की खोलगट जागा सोडून सगळेच डांबरी रस्त्याकडे सरकतात.