भडक रंगांची मिळमिळीत वाकळ

विट्याकडच्या एका वाचक भगिनींनी विचारलं आहे : "नातवासाठी नव्या कापडाची वाकळ शिवली. कुंकवासारखा लाल आणि बाटलीसारखा हिरवा, एकाआड एक चौकोन. दोन्ही रंग चांगले भडक घेतले होते. पण पलंगावर टाकल्यावर दारातून बघितलं तर नक्षीच दिसत नाही, सगळा एकच गडद गोळा. सासूबाईंची जुनी वाकळ विटून गेलेली, तरी तिचा चौकोन न् चौकोन उठून दिसतो. हे कसं?"

प्रश्न फक्कड आहे. ज्यांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली आहे ते सगळे रंगचक्र आठवून सांगतील की लाल आणि हिरवा समोरासमोर येतात, म्हणजे विरोध कमाल. मग नक्षी गेली कुठे?

गेली ती उजळ-गडदाच्या हिशेबात. रंगचक्र फक्त रंगाचं नाव सांगतं. तो रंग डोळ्याकडे उजेड किती परत पाठवतो, याची नोंद त्या गोल चकतीत बसतच नाही. बॉस्टनमध्ये चित्रकला शिकवणाऱ्या अल्बर्ट मन्सेलनं 1905 साली ही उणीव भरून काढली. त्यानं रंगाचं नाव, त्याचा भडकपणा आणि त्याचा उजळपणा अशी तीन वेगळी मापं केली. उजळपणाला 0 म्हणजे काळाकुट्ट, 10 म्हणजे पांढराशुभ्र. गंमत अशी की बरोबर मधला, 5 नंबरचा करडा रंग निम्मा उजेड परत पाठवत नाही, जेमतेम 20 टक्के पाठवतो. डोळा बेरजेनं नव्हे, पटींनी मोजतो.

या पट्टीवर पिवळा आपल्या पूर्ण भडकपणात 8 च्या आसपास बसतो. लाल मात्र 4-5 वरच सर्वांत भडक असतो. कुंकवाचा लाल आणि बाटलीचा हिरवा दोघेही 4 च्या आगेमागे. म्हणजे भगिनींच्या वाकळीत नावं दोन होती, उजेड एकच होता. भडक म्हणजे उजळ, हा समज दुकानदारापासून चित्रकलेच्या शिक्षकांपर्यंत सगळीकडे आहे, आणि तो साफ चुकीचा आहे. हल्ली मोबाइलवर 'कोणता रंग कशाशी जुळतो' सांगणारी अॅपं निघाली आहेत. तीही बहुतेक हेच जुनं चक्र फिरवतात.

पण दोन रंग वेगळे तर दिसतात ना? जवळून दिसतात. दारातून नाही. बारीक तपशील, कडा आणि आकार टिपायचं काम आपली दृष्टी मुख्यतः उजेडाच्या फरकावर करते. रंगाचा फरक तिला ढोबळच कळतो. हार्वर्डच्या मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी याचा नमुना मोनेच्या सूर्योदयाच्या प्रसिद्ध चित्रात दाखवला. त्यातला नारिंगी सूर्य आणि भोवतालचं करडं आकाश यांचा उजळपणा जवळपास सारखा आहे. चित्राची कृष्णधवल प्रत काढली की सूर्य गायब! मेंदूत आकारासाठी एक वाट आणि रंगासाठी दुसरी, असं काटेकोर विभाजन आता कुणी फारसं मानत नाही. पण सूर्य गायब होतो हे खरंच. आपल्या मोबाइललाही ही गोम ठाऊक आहे. व्हिडिओ साठवताना तो उजेडाचा प्रत्येक ठिपका जपतो आणि रंगाची चारपैकी तीन मापं सहसा टाकून देतो. आपल्याला पत्ताही लागत नाही.

इथे रंगशास्त्राच्या पुस्तकांत हटकून शेव्हऱल येतो. तसा माणूस मोठा. 1824 पासून पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत रंगखात्याचा प्रमुख. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावलीत वापरलेला काळा धागा फिका पडतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्यानं ठिकठिकाणच्या रंगाऱ्यांचे काळे धागे मागवून ताडून पाहिले. रंगात खोट नव्हतीच, खोट शेजाऱ्यात होती. शेजारचा रंग दुसऱ्याला आपल्यापासून दूर ढकलतो. गडदाशेजारी उजळ आणखी उजळ होतो. 1839 मध्ये त्यावर त्यानं जाडजूड ग्रंथ लिहिला, 102 वर्षं जगला, आयफेल टॉवरवर नाव कोरलं गेलं.

वाकळीच्या बाबतीत माझा माणूस मात्र दुसराच आहे. विल्हेल्म फॉन बेझोल्ड. हा मुळात हवामानवाला, पुढे बर्लिनला प्रशियाच्या हवामान संस्थेचा संचालक झाला. 1874 मध्ये त्यानं कला आणि हस्तव्यवसायासाठी रंगावर पुस्तक लिहिलं आणि त्यात शेव्हऱलच्या बरोब्बर उलटं काहीतरी दाखवलं. एकच नक्षी, तेच रंग, फक्त मधल्या बारीक रेघा एकीकडे पांढऱ्या, दुसरीकडे काळ्या. पांढऱ्या रेघांनी सगळा लाल उजळतो, काळ्यांनी तोच लाल काळवंडतो. म्हणजे मोठे तुकडे शेजारी आले की एकमेकांना ढकलतात, आणि बारीक रेघा मात्र रंगाला आपल्याकडे ओढतात. शेव्हऱलचं नाव टॉवरवर गेलं, बेझोल्ड तळटीपेत राहिला.

पण आपल्याकडच्या वाकळीवरचा धावदोरा म्हणजे बेझोल्डचाच प्रयोग. कडेपासून सुरू होऊन चौकोनात चौकोन घेत आत सरकणाऱ्या त्या ओळी कापडाचे थर धरून ठेवतात, एवढंच त्यांचं काम नाही. पांढरा दोरा घेऊन लाल ठिगळावर बोटाबोटावर ओळी घातल्या की दहा पावलांवरून ते ठिगळ थोडं उजळतं. शेजारच्या हिरव्यावर काळा दोरा घातला तर ते खाली उतरतं. भगिनींनी शिवण उसवायची गरज नाही. दोरा बदलून आणखी चार ओळी घालाव्यात. आणि पुढच्या वेळी कापड उलटं करून बघावं. छापील कापडाची उलटी बाजू बहुतेक वेळा एक-दोन पायऱ्या उजळ निघते, तीही फुकटात.

आता सासूबाईंची वाकळ. तिच्यात एक इरकली असणार, काळपट निळी, लाल काठाची. एखादी चंद्रकळा. अस्तराला धोतर. मध्ये पोरींच्या परकराचे, खणाचे तुकडे. यांतलं प्रत्येक वस्त्र वेगवेगळी वर्षं अंगावर वापरलेलं, वेगवेगळ्या वेळा धुतलेलं. नीळ सुताशी रासायनिक गाठ मारत नाही, धाग्याच्या बाहेरच्या अंगाला बसून राहते, म्हणून घासलं की उतरते. झिजलेल्या सुताला बारीक लव सुटते आणि ती उजेड विखुरते. त्यामुळे सारख्या गडद दोन लुगड्यांपैकी जास्त वापरलेलं दोन पायऱ्या वर चढतं. जुन्या कापडाच्या गाठोड्यात मन्सेलची अख्खी पट्टी आपसूक तयार असते. नव्या ताग्यांत ती नसते, कारण दुकानात खपतो तो भडक माल आणि तो बराचसा मधल्या पायऱ्यांवरचाच.

ही पट्टी तात्पुरती पुसली जाताना बघायची असेल तर पितृपंधरवड्यात कृष्णेच्या किंवा वारणेच्या काठावर जावं. घट बसण्याआधी घरोघरचं अंथरूण-पांघरूण धुवायला निघतं. पाण्यातून उचललेली वाकळ सगळीच गडद दिसते. सुतातल्या पोकळ्यांत हवेऐवजी पाणी भरलं की धाग्याच्या कडेवर उजेड कमी वळतो, तो कापडात खोल शिरतो आणि तिथेच बराचसा जिरतो. वाळत घातल्यावर कडेकडून एकेक चौकोन पुन्हा वर येतो. म्हणून ओल्या कापडावरून रंग कधी निवडू नये.

कापड निवडताना चित्रकारांची जुनी युक्ती पुरेशी आहे : डोळे किलकिले करायचे. औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली उभारलेल्या भवानी संग्रहालयातल्या तैलचित्रांसमोर हे करून बघा. रंग विरतात, आकृत्या टिकून राहतात. परदेशात गोधडीवाल्या बायका लाल जिलेटिनच्या काचेतूनही कापड बघतात, पण ती काच लाल कापडाला खोटा उजाळा देते. आपल्याकडे लालाशिवाय वाकळ होत नाही, तेव्हा ती बाद.

मोबाइलचा कृष्णधवल फोटो चालेल, पण आधी त्याची परीक्षा घ्यावी. काही फिल्टर रंगाचा भडकपणा नुसता शून्यावर आणतात. त्या हिशेबात शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा एकाच करड्यात उतरतात. प्रत्यक्षात पडद्यावरच्या पांढऱ्या उजेडात हिरव्याचा वाटा 72 टक्के, लालाचा 21 आणि निळ्याचा अवघा 7 टक्के असतो. पिवळा हा लाल आणि हिरव्याची बेरीज, म्हणजे 93 टक्के. तेव्हा एका ताटलीत चमचाभर सांगलीची हळद आणि शेजारी कपड्यांची नीळ ठेवून फोटो काढा. हळद पांढरट आणि नीळ काळसर आली, तर त्या फोटोवर भरवसा ठेवून कापड कापायला हरकत नाही. दोन्ही सारखीच करडी दिसली, तर तो फिल्टर लग्नाच्या अल्बमसाठी ठेवा.